दशरथची ग्लोबल कंपनी, मुक्काम दहिवली

कर्जतजवळ दहिवलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या डोक्यावर दशरथची कंपनी होती. बोर्डावर ‘ग्लोबल’ हा शब्द एवढा मोठा, की कंपनीच्या नावाला जागाच उरली नव्हती. काम मात्र चोख. खोपोलीला माल टाकून रिकामे परतणारे टेंपो हेरायचे आणि त्यांना मोबाइलच्या ॲपवरून परतीचं भाडं मिळवून द्यायचं.

यामागचं सगळं डोकं ऋतिकचं. लोधिवलीचा पोरगा, कॉम्प्युटर इंजिनिअर. तसा दुसरा अख्ख्या खालापुरात शोधून सापडायचा नाही. दशरथची धाकटी बहीण प्राची टेंपोवाल्यांचे फोन घ्यायची आणि त्यांच्या शिव्याही गोड मानून घ्यायची. दशरथ स्वतः भाषणं करायचा. गणपती असो की क्रिकेटच्या मॅचेस, माइक दिसला की सुरू. “आपली हुशार पोरं पुन्या-बंगळुरूला का म्हनून जावी? हितं काय कमी हाय?” टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांची पोरं पुण्यालाच असायची.

पैसा लावणारी मंडळी कर्जतला येत नव्हती असं नाही. शनिवारी यायची, फार्महाउसवर उतरायची, पाण्यात पाय सोडून गावाकडचे धंदे कसे वर आणावेत यावर चर्चा करायची आणि सोमवारी पैसे बंगळुरूच्या कंपनीत टाकायची. त्यातल्याच एका बाईंना दशरथने गाठलं. काम त्यांना पसंत पडलं, पण त्यांनी साफ सांगितलं, तुमच्या भागात इंजिनिअर टिकत नाहीत. ऋतिक दोन वर्षं कुठे जाणार नाही असं त्याच्या सहीनिशी लिहून द्या, मग पैसे देते.

ऋतिक तयार होता. इतका तयार, की त्याच आठवड्यात त्याची आई वनिताबाई त्याच्यासाठी प्राचीला मागणी घालायला दशरथकडे आल्या. दोघांचं जमलेलं आहे हे टेंपोवाल्यांनासुद्धा ठाऊक होतं. वडील गेल्यापासून घरातला कर्ता दशरथच. त्याने मलाही मोठं माणूस म्हणून बोलावलं होतं. चहा झाला, पोराची तोंडभर स्तुती झाली, आणि मग घसा साफ करून तो म्हणाला, “पोरगा सोनं हाय, वैनी. पन नोकरी दहिवलीत. बहिनीला देताना इचार करावा लागतो. उद्या कंपनी बुडली तर?”

ऋतिक दारातच उभा होता. “दादा, कंपनी तुमचीच हाय ना?”

“म्हनूनच सांगतो ना रं!”

प्राची उठून आत गेली. मला भयंकर चीड आली. पाहुणे गेल्यावर मी त्याला चांगलंच झापलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, “काका, धंदा वेगळा, सोयरीक वेगळी.”

ऋतिकने सही केली नाही. त्याला बंगळुरूची नोकरी लागली आणि बाईंचे पैसे बाईंकडेच राहिले. हे कळल्याबरोबर दशरथ पेढ्यांचा पुडा घेऊन लोधिवलीला निघाला. मला वाटलं, पोराचे पाय धरून त्याला परत आणणार. कसलं काय! बहिणीचं लग्न ठरवायला चालला होता. आता पोरगा पसंत होता. वनिताबाईंनी त्याला बराच वेळ ओटीवर ताटकळत ठेवलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण प्राचीसाठी त्या हो म्हणाल्या.

लग्न चौक गावातल्या हॉलवर झालं. दशरथ फेटा बांधून दारात उभा. येईल त्याला सांगत होता, “जावई बंगळुरूला असतात, मोठ्या कंपनीत. प्राचीपन तिकडंच जानार.”

एका टेंपोवाल्याने विचारलं, “आन तुमची कंपनी, शेठ?”

“बंद केली,” दशरथ म्हणाला. “त्या बाईचं बरोबर हाय रं. आपल्याकडं मानसं टिकतच नाय.”