कॅमेऱ्यावरचं कुंकू

राग आला की आधी माझे कान तापतात. हिंगण्याच्या त्या मिठाईच्या कारखान्यात ते तापले, ते अजून निवलेले नाहीत.

आमची कंपनी पॅकिंगचे रोबो बसवते. संत्रा बर्फीची वडी उचलून डब्यात ठेवणारा तिथला रोबो मीच उभा केला होता. ही जात मूळची परदेशातली. दिवसभर चॉकलेटं डब्यात भरून माणसं कंटाळतात, म्हणून कुणा भल्या माणसाने काढलेली. युक्ती साधी आहे. जड मोटारी वर चौकटीला बसवायच्या, खाली लोंबतात ते तीन सडपातळ हात. हातांवर मोटारींचं ओझंच नाही, म्हणून पापणी लवायच्या आत वडी उचलली जाते. पट्ट्यावर वडी कशीही वाकडी पडो, वरचा कॅमेरा ती बघतो आणि हातांना सांगतो. माणसाची पाठ मोडू नये यासाठी हा सगळा खटाटोप.

तिथे डबे भरणाऱ्या बायकांत माझी मावशीही होती. "रोबो आला की बायकांना तपासणीवर घेऊ," असं शेठजींनी मला तोंडभरून सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला.

दिवाळीच्या तोंडावर मशीनचं तेलपाणी करायला गेले, तर मावशी आणि बाकीच्या बायका पट्ट्यावर वाकून वड्या सरळ करत होत्या. तेही रोबोच्या वेगाने. मावशीचा खांदा दुखरा, पण हात थांबवायची सोय नव्हती.

"तुमचा कॅमेरा दसऱ्यापासून आंधळा झाला मॅडम," शेठजी म्हणाले. "मग वड्या सरळ कराले बायका लावल्या. मस्त चालून राहिलं."

मी स्टुलावर चढले. कॅमेऱ्याच्या काचेवर तुपात कालवलेल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. दसऱ्याच्या पूजेत शेठजींनी स्वतःच्या बोटाने लावलेला. पूजेला माझी ना नाही, आमच्याकडे स्कूटरलाही हार घालतात. पण डोळ्यातच कुंकू भरायचं, वर त्यालाच आंधळा म्हणायचं आणि त्याच्या जागी माझ्या मावशीला जुंपायचं? मी ओढणीने काच खसाखसा पुसली आणि कॅमेरा सुरू केला. रोबो वाकड्या वड्या आपसूक उचलू लागला. बायकांनी हात मागे घेतले. मला वाटलं, जिंकले.

दिवाळी झाली आणि बायकांना कामावर बोलावलंच नाही. मी शेठजींना फोन केला.

"तपासणी तर कॅमेराच करून राहिला न मॅडम. बायका कायले पाहिजे?"

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी फोन कापला.

तशीच तणतणत जरीपटक्याला मावशीकडे गेले. ती खांद्याला तेल चोळत बसली होती. शेठजींच्या नावाने मी किती वेळ शंख केला कोण जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

"ते कुंकू आमाले दिसत नव्हतं काय वं? रोज पाहून राहिलो होतो. वड्या सरळ करायचं का होईना, काम होतं. पुसायच्या आधी मले एकडाव इचारलं असतं तर?"