सासऱ्यांचा पन्हाळा

आमच्या सासऱ्यांइतका पन्हाळा जगात कुणाला ठाऊक नाही, आणि त्यांच्याइतकं पन्हाळ्यावर कुणी चुकतही नाही. घरी पाहुणे आले की त्यांना गडावर नेऊन झुणका-भाकर खाऊ घालायची, हा या कोल्हापुरी गृहस्थांचा कुळाचार. हात मागे बांधून ते पुढे, वरात मागे. गड तो केवढा! पण त्यांच्यामागून चालताना तो थेट कोकणात उतरला असावा असं वाटतं. तीन दरवाजा बघायला निघालेले आम्ही हमखास पार्किंगला येऊन पोचतो. वाट विचारू म्हटलं की भडकतात, "कोल्हापूरच्या माणसानं पन्हाळ्यावर वाट इचारायची? लाज न्हाय वाटत?" उलट त्यांचा रुबाब बघून पुण्या-मुंबईचे लोक त्यांनाच वाट विचारतात, आणि हे ठोकून सांगतात, "सरळ जावा पावणं, लागतंयच की!" एकदा असं वाटेला लावलेलं एक कुटुंब आम्हाला पुन्हा पुन्हा भेटत राहिलं. शेवटी त्यांनी ओळख देणंच सोडलं. सासूबाई होत्या तोवर मात्र असं कधी झालं नव्हतं. आता वय झालं, असं आम्ही आपलं म्हणायचो.

परवा सासरे आपणहून म्हणाले, "पावणं, गडावर चला. लगीन झाल्यावर आमी दोघांनी ज्या कट्ट्यावर भाकरी खाल्ली, तितं एकदा बसायचं हाय." वर पोचलो तर हे दाट धुकं! जिथे वाट फुटायची तिथे सासरे थांबायचे आणि वळून मागे बघायचे. आमच्यासाठी थांबले असतील म्हणून आम्ही पाय उचलायचो, तर जवळ गेलो तरी ते मागेच बघत उभे. मला काही कळेना. तेव्हा बायको कानाशी म्हणाली, "अहो, आई मागनं डोळ्यानं वाट दावायची आबांना. चारचौघांत बोलायची न्हाय."

पुढच्या फाट्यावर त्यांनी परत मागे बघितलं. आता मला कुठली वाट ठाऊक? तरी मी आपले डोळे उजवीकडे वळवले. सासरे तडक निघाले. जरा वेळानं एक कट्टा लागला. धुक्यापलीकडे कुणीतरी "मागं घे, मागं घे" करत गाडी काढत होतं, म्हणजे पुन्हा पार्किंगच. माझा चेहरा पडला. सासरे मात्र शेजारी एका माणसाची जागा सोडून निवांत बसले. भाकरी मोडून निम्मी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "त्यो कट्टा ह्यो न्हाय, पावणं. पर बसा. लई दिसांनी कुणीतरी मागनं वाट दावली."