पतंगाच्या कागदाची फुलं

आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या खोलीत एक गिरणीकामगार राहायचे. आवाज असा दांडगा, की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात त्यांनी घोषणा दिली की नाक्यावरचा माणूस वळून बघायचा. सुट्टीला मात्र त्यांचं दार बंद. मी वाटीभर साखरेला गेले, की आतून आधी घाईघाईनं वर्तमानपत्र पसरल्याचा आवाज यायचा, मग "या वहिनी!" अशी आरोळी.

त्यांच्या बायकोची कागदी फुलं चाळभर नावाजलेली. पतंगाच्या कागदाची, नखाएवढी. हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवर आम्ही तीच चिकटवायचो. चाळीनं चळवळीच्या कात्रणांची वही केली, तेव्हा तिच्या पानापानांवरही तीच हवी होती.

म्हणून आम्ही बायका त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. "आज शिकल्याशिवाय उठायच्या नाही गं आम्ही!" बिचारीच्या हातात कात्री दिली. ती घामाघूम, एक पाकळी धड कापता येईना. तिचे यजमान उंबऱ्याशी मान खाली घालून उभे. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि कात्री सरळ आपल्याच बोटात घातली.

"अगे बाय! लागला. आता ऱ्हवांदे," म्हणत तिनं कात्री खाली ठेवली.

ते धावले. चिंधी फाडून बोटाला गुंडाळू लागले, घडीवर घडी, प्रत्येक कड अंगठ्यानं हलकेच वळवत. गाठ मारली तेव्हा तिच्या बोटावर नेमकं तेच फूल उमललेलं. आम्ही सगळ्यांनी आधी बोटाकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनाही ते दिसलं. कानापर्यंत लाल झाले.

"वहिनी, गिरणीत कळू देऊ नका."

नाक्यापर्यंत पोचणारा आवाज तो, पण एवढं ऐकायला मला वाकावं लागलं.