विमानाने येतो अशी तार

माझे यजमान तेव्हा पणजीला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते आणि मी काशीदला सासूबाईंजवळ. दिवाळीनंतर सासूबाईंना ताप भरला तो उतरेना. आम्ही तार केली. उलट तार आली ती शाळेच्या मास्तरांनी वाचली.

"विमानाने येतायत. टपालाचं विमान बुधवारी वर मुंबईला जातं, त्यातून."

पणजीहून आगबोटीने मुरूडला यायचं म्हणजे दोन रात्री समुद्रात. विमान मात्र, मास्तर म्हणाले, त्याच दिवशी जेवणवेळेआधी मुंबई गाठून मोकळं. मुंबईहून रेवस, अलिबाग करत माणूस दुसऱ्या दिवशी घरी. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मास्तरांना तार पुन्हा वाचायला लावली.

सासूबाईंनी विचारलं, "किती उंचावरून येतो तो?"

"माडांच्या वरून."

"आणि खाली?"

"खाली समुद्र."

त्या माझं मनगट घट्ट धरून पडून राहिल्या.

बुधवारी सकाळी मी पुळणीवर उभी होते. समुद्रावर धुकं होतं. विमान दिसलंच नाही, नुसता आवाज आला, आणि तोही सलग नाही. घरघर यायची, तुटायची, पुन्हा यायची. मग उत्तरेकडे गेल्यासारखी वाटली आणि बंद झाली. लांब गेली म्हणून, की थांबली म्हणून, ते मला कळेना. घरी येऊन मी सांगितलं, "गेलं हो वरून. उद्या येतील."

गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारी रेवदंड्याच्या बाजारातून मासळी विकून परतलेल्या बायका आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "इमान पडलं म्हनं दर्यात. थलच्या बाजूला, अलिबागच्या पल्याड."

"कुणी पाहिलं?"

"पायलं न्हाय कुनी. बोलतात."

मी तिला हाताने गप्प केलं. आत सासूबाई होत्या. त्या दिवशी सासूबाईंना पेज पाजताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी वाटीकडे. मुलगा कुठे आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यानेच मी जास्त घाबरले.

शनिवारी दुपारी कुत्री भुंकली. मी अलिबागच्या वाटेकडे धावले. वाट रिकामी होती. मागून, मुरूडच्या बाजूने, कुणी हाक मारली. वळले तर हे! चालून चालून पाय धुळीने भरलेले, हातात वळकटी.

मी त्यांच्या हातातली वळकटी घेतली. हे खाली बघत म्हणाले, "विमानाजवळ गेलो होतो. शिडीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. पुढची बोट मिळेपर्यंत एक दिवस गेला."

"मग परवापासून आम्ही..."

"ठाऊक आहे."

सासूबाईंना उठवून बसवलं. ह्यांनी तीच हकीगत त्यांनाही सांगितली, मान खाली घालून. त्यांनी लेकाच्या धुळीच्या पावलांवर हात फिरवला.

"भ्यालास ते बरं केलंस रे," त्या म्हणाल्या.

सासूबाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. पण आणखी आठ-दहा दिवस होत्या, आणि हे त्यांच्या उशाशी होते. थळजवळ विमान पडलंच नव्हतं, हे पुढे मास्तरांकडून कळलं.