गनमेटलचा व्हॉल्व्ह

पनवेलच्या आमच्या घरातला बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह दीड वर्षात तीनदा बिघडला. तेव्हा नवऱ्याची बदली नागपूरला झालेली होती आणि घरात सासूबाई आणि मी अशा दोघीच होतो. मी खारघरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करायचे. पुस्तकाचा पुठ्ठा निघाला तर तो मला चिकटवता येत असे, पण पाइप, नट, पाना या जगाशी माझा काहीच संबंध नव्हता. ते सगळं नवरा बघायचा, आणि तो महिन्यातून एकदा यायचा.

गच्चीवरच्या टाकीतून आलेला पाइप बाथरूमच्या भिंतीत शिरतो तिथे, एका खाचेत, हा व्हॉल्व्ह होता. तो बंद केला की घरातलं सगळं पाणी बंद. कुठलाही नळ दुरुस्त करायचा तर आधी त्याच्यापाशी जायचं. बिल्डरने बसवलेला पहिला व्हॉल्व्ह एक दिवस नुसताच गोल फिरायला लागला. चक्र फिरत राहायचं आणि पाणी काही थांबायचं नाही. नाक्यावरच्या प्लंबरने तो बदलून चकचकीत नवीन बसवला. तो सात-आठ महिने चालला आणि मग मानेशी ठिबकायला लागला. मी खाली वाटी ठेवली, मग तांब्या, मग बादली. प्लंबर पुन्हा आला. "मॅडम, हा बघा, इंपोर्टेड आहे," म्हणाला आणि आधीच्यापेक्षाही चकचकीत असा तिसरा बसवून गेला. मला इतका आनंद झाला की त्याला मी दोनदा चहा दिला.

हा तिसरा बाहेरून ठिबकला नाही. तो खाचेच्या आत, मागच्या बाजूने तडकला आणि पाणी भिंतीतून खाली उतरत राहिलं. आम्हाला वर काही कळलं नाही. कळलं ते एका रविवारी सकाळी, पहिल्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या राहिल्या तेव्हा.

त्या उरणकडच्या कोळी. पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. मुलगा बंदरात कामाला लागल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या बरोबर खालचा फ्लॅट घेतला होता. त्यांना बघून मी ओशाळले, आणि त्याला कारण पाणी नव्हतं, ते तर मला अजून कळायचं होतं. त्या राहायला आल्यावर काही महिन्यांतच सोसायटीच्या बायकांनी एक पत्र केलं होतं. मासळीच्या पाट्या जिन्यातून नेऊ नयेत, वास येतो, असं त्यात होतं. खाली अकरा सह्या होत्या आणि चौथी माझी होती. माझ्यापर्यंत वास फारसा येतच नव्हता. शेजारणीने कागद पुढे केला, पेन हातात दिलं आणि मी सही केली. तेव्हापासून मावशी पाट्या बाजारातच कुणाकडे तरी ठेवून यायच्या.

"ताई, तुमचं पानी आमच्याकडं येतंय," त्या म्हणाल्या. "जरा येऊन बघता का?"

मी खाली गेले. त्यांच्या बाथरूमच्या आणि बाहेरच्या पॅसेजच्या छताचा गिलावा फुगून खाली आला होता. दोन घमेली भरतील एवढा चुरा त्यांनी झाडून कोपऱ्यात लावला होता. भिंतीवरचा त्यांच्या नवऱ्याचा फोटो काढून पलंगावर ठेवला होता, त्याच्या चौकटीतही पाणी गेलं होतं. मी माफी मागायला लागले, प्लंबरचं, व्हॉल्व्हचं, नवरा नागपूरला असल्याचं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो नाक्यावरचा परत बोलवू नका," त्या म्हणाल्या. "माजा भाऊ येनार हाय उद्या. बोटीवर इंजिनवाला व्हता तीस वर्षं. त्याला दाखवते."

त्यांनी भांडायला हवं होतं असं मला खरंच वाटलं. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मावशी दहाच्या सुमाराला भावाला घेऊन वर आल्या. साठीचा, काटक, पांढरी हाफ पँट आणि इस्त्रीचा शर्ट. हातात जुनी रेक्झिनची पिशवी. त्याने आधी गच्चीवर जाऊन टाकीपाशी आमच्या घराचं पाणी बंद केलं, मग खाचेतून तो इंपोर्टेड व्हॉल्व्ह काढला आणि माझ्या हातात दिला.

"वजन बघ, बाय."

बघितलं. पेनच्या डबीपेक्षा थोडा जड असेल.

त्याने तो आमच्या मोरीच्या कडेवर ठेवला आणि हातोडीचा एक घाव घातला. व्हॉल्व्ह बिस्किटासारखा तुटला. आतून तो करड्या रंगाचा होता, भुसभुशीत. "हे पितल नायच. वरून नुसता मुलामा हाय. तुमचा आदीचा कुटं हाय?"

आधीचा मी टाकून दिला नव्हता. नवरा आला की त्याला दाखवायचा म्हणून ठेवला होता. त्यालाही घाव बसला. तो लगेच तुटला नाही, पण तिसऱ्या घावाला उघडला आणि आतला रंग गुलाबीसर होता, काही ठिकाणी तर चक्क गाजरासारखा.

"हे पितल व्हतं," तो म्हणाला. "पन पान्यानं त्याच्यातला जस्त खाल्ला. उरला तो नुसता तांब्याचा चुरा. तुमच्या बोरिंगच्या पान्यात खार हाय. आमच्या बोटीवर पितलेचा वॉल कोनी लावत नाय. बोट बुडंल. तितं गनमेटल लागतं, तांबं आनि कथलाचं."

मी विचारलं, बोटीला व्हॉल्व्ह कशाला लागतो? तेव्हा तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि त्याने सांगितलं. बोटीच्या तळाला एक भोक असतं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी त्या भोकातून आत घ्यावं लागतं. त्या भोकावर एक व्हॉल्व्ह असतो. आतला पाइप फुटला तर तोच बंद करायचा, नाहीतर समुद्र आत येतो. तीस वर्षं तो त्या व्हॉल्व्हवर हात ठेवून झोपला होता, असं त्याने सांगितलं. मावशी मागून म्हणाल्या, "झोपला कदी? रातभर जागाच असायचा."

मग आम्ही तिघं बाजारात निघालो. मावशी, तुम्ही कशाला येताय, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, बाजारात माझ्याशिवाय याला कोण ओळखतं.

पहिल्या दुकानात काउंटरवर काचेखाली व्हॉल्व्ह ओळीने मांडले होते, सगळे आरशासारखे. भावाने एक उचलला, खिशातून छोटं लोहचुंबक काढलं आणि लावलं. पाणी अडवणारा आतला गोळा चुंबकाला चिकटला. "लोखंड," तो म्हणाला आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी ठेवला. दुसऱ्या दुकानात त्याने सुरीच्या टोकाने तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक ओरखडा काढला. दुकानदार तडकला. "काका, माल खराब करता?" भाऊ शांतपणे म्हणाला, "माल खराब हाय का ते बघतो." आम्हाला तिथून निघावं लागलं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी जन्मात कुठल्या दुकानात असं वागले नव्हते. साडी घेताना पदर उलगडून बघायलासुद्धा मला संकोच वाटायचा.

तिसरं दुकान मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. इतकं अरुंद की आम्ही तिघं आत मावलो नाही, म्हणून मावशी पायरीवर उभ्या राहिल्या. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मावशींना बघून त्यांनी हात कपाळाला लावला. ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडून पापलेट घेत होते.

"चाचा, गनमेटलचा गेट वॉल हाय का? पाऊन इंची," भावाने विचारलं.

चाचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बोटीला?"

"घराला."

"घराला गनमेटल?" ते उठले. वरच्या फळीवरून धुळीने भरलेला एक खोका त्यांनी उतरवला आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह काढला. तो अजिबात चमकत नव्हता. तपकिरी, खडबडीत, जुन्या देवाच्या मूर्तीसारखा. "हा कुणी घेत नाही, बहेन. चमकत नाही ना. लोकांना बाथरूममध्ये चमक पाहिजे."

भावाने तो हातात घेऊन जोखला आणि माझ्याकडे दिला. यावेळी मला सांगावं लागलं नाही. मनगट खाली गेलं. त्याने चक्र पूर्ण बंद केलं, एका टोकाला तोंड लावलं आणि चाचांच्या पाण्याच्या बादलीत दुसरं टोक बुडवून जोरात फुंकलं. एकही बुडबुडा आला नाही. त्याने चक्र जरासं उघडून पुन्हा फुंकलं. बादली खळखळली.

"तसल्ली झाली?" चाचांनी विचारलं.

"झाली."

"अजून दोन आहेत. पण घाई करू नका. हा एक तुमची जिंदगी काढेल."

दुपारी त्याने तो बसवला. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर ताग गुंडाळला, वरून सफेद्याचा लेप लावला आणि पाना हळूहळू आवळत गेला. शेवटी म्हणाला, "आता तू फिरव." मी चक्र फिरवलं. लोण्यातून फिरावं तसं फिरलं. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग थोडासा मागे घ्यायचा, टोकाला ताणून ठेवायचा नाही. आणि महिन्यातून एकदा, गरज नसली तरी, उघडबंद करायचा. "नायतर तो बसून राहतो. मान्सासारखंच हाय ते," तो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

तो गेल्यावर मी मावशींच्या घरी चहा घेऊन गेले. छताकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, गिलावा मी करून देते, रंगही. त्या म्हणाल्या, आधी भिंत वाळू दे, घाई काय आहे. मग मला राहवलं नाही.

"मावशी, ते पाट्यांचं पत्र होतं ना. त्यावर माझीही सही होती."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरीनं वाचून दाखवलं. नावं पन वाचली."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायल्या.

"वाईट वाटलं तवा. तुमचं नाव आयकून जास्त वाटलं, कारन जिन्यात तुमीच एकट्या हसायच्या माज्याकडं बघून." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन पानी गलतंय त्याच्याशी त्या सहीचा काय संबंद? वॉल तर बदलायलाच पायजे व्हता."

त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या अकरा सह्यांत त्यांच्या मैत्रिणींच्याही सह्या होत्या. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं की इमारतीच्या मागच्या बाजूला एक नळ आणि धुवायला ओटा करून दिला तर मावशींना पाट्या तिथे धुऊन ठेवता येतील, जिन्याचा प्रश्नच राहणार नाही. आणि त्या पत्रावरची माझी सही मी मागे घेते. मग सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "नळ करा. उगाच ताणू नका." त्यांच्या मैत्रिणींनी मान हलवली. नळाच्या व्हॉल्व्हसाठी सेक्रेटरींबरोबर मीच चाचांच्या दुकानात गेले. ओरखडा काढायची गरज पडली नाही, पण फुंकून मात्र बघितलं. सेक्रेटरी बघतच राहिले.

भावाचे आभार मात्र राहून गेले होते. त्या दिवशी मी इतकी गोंधळलेली होते की त्याला नुसता चहा दिला. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारी बंद झाली आणि मावशी माहेरी निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, मीही येते. एसटीने उरणला आणि तिथून मोरा बंदरावर गेलो. बोटी किनाऱ्यावर ओढून टेकूंवर उभ्या केल्या होत्या. डांबराचा आणि खाऱ्या चिखलाचा वास येत होता. भाऊ एका मोठ्या बोटीच्या तळाशी उकिडवा बसून कापसाच्या वातींनी फळ्यांच्या फटी भरत होता. निवृत्त झाला तरी भाचे-पुतण्यांच्या बोटींचं काम त्याच्याकडेच यायचं.

मी बेसनाचे लाडू नेले होते. त्याने डबा उघडून बघितला आणि शेजारच्या बोटीवरच्या माणसांना हाक मारली. "मला साखर बंद केलीय डॉक्टरनं. ह्यांना खाऊ दे."

मग शिडी लावून त्याने मला बोटीत चढवलं. ओढणी कमरेला खोचून मी चढले. खाली इंजिनच्या अंधाऱ्या खोलीत तेलाचा वास कोंडला होता. त्याने टॉर्च लावला. तळाशी, फळ्यांना जडवलेला, हिरवट डाग पडलेला एक व्हॉल्व्ह होता, माझ्या दोन्ही मुठींएवढा.

"ही बोट झाली तवापासून हाच हाय," तो म्हणाला.

मी हात लावून बघितलं. थंडगार होता. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "तुज्या घरचा कसा हाय?"

"उत्तम. दर महिन्याला फिरवते."

"गलत नाय ना?"

"नाही."

तो गोंधळला. "मग इतक्या लांब कशाला आलीस?"

"तेच सांगायला आले. चांगला चाललाय म्हणून. तुमच्यामुळे."

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली आणि पँटला हात पुसले. "बिगडलं की सगले येतात," तो म्हणाला. "चाललंय म्हनून सांगाया कोनी येत नाय." मग मावशींकडे वळून त्याने सांगितलं की घरी निरोप धाड, पाहुणी शाकाहारी आहे, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं करा. आणि परत फटी भरायला बसला. आम्ही दोघी जेवणाच्या हाकेची वाट बघत त्याच्या शेजारी एका उलट्या होडीवर टेकलो. त्याने न बघता हात पुढे केला आणि मी त्यात कापसाची वात ठेवली.