घाबरायचं नाही हं

त्याला सगळे भोंगा म्हणत. निवडणूक आली की तीनचाकीच्या टपावर कर्णा आणि आत माईक घेऊन भोंगा. सकाळी एका पक्षासाठी खर्जातलं "बंधू-भगिनींनोऽऽ", दुपारी दुसऱ्यासाठी नाकातलं "अन्याय, अन्याय!" पथ्य एकच: एका गल्लीत एका दिवशी दोन पक्ष घ्यायचे नाहीत. बायको म्हणायची, "घरात कुठल्या पक्षातर्फे बोलताय, तेवढं आधी सांगत जा."

यंदा दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई अपक्ष उभ्या राहिल्या. वॉर्डातल्या निम्म्या दंडांवर त्यांनीच टोचलेलं. समोरचा उमेदवार भोंग्याला म्हणाला, "बाईंची जरा गंमत कर की." भोंग्याच्या जिभेला तेवढंच पुरे. त्याने बाईंचा तो लाडिक, लांबवलेला आवाज हुबेहूब काढला.

"घाबरायचं नाऽही हं. तिकडे बघ, चिमणी! रस्ता? झाला! पाणी? आलं! दुखलं काऽ?"

गल्ली हसून आडवी झाली. आठवडाभरात कुणी कुणाला नुसता धक्का लागला तरी लोक विचारू लागले, "दुखलं काऽ?" भोंगा खुशीत होता. फक्त बाईंच्या घरावरून जाताना माईक बंद करायचा. आईच्या शेवटच्या वर्षी बाई रोज घरी येऊन इंजेक्शन देत. ह्याच आवाजात. तो ऐकला की आई डोळे मिटूनच हात पुढे करायची.

बाई निवडणुकीत पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोंग्याला बोलावलं. त्याला पायरी चढवेना.

"ये रे. नक्कल झकास करतोस. मलाही हसू आलं," बाई म्हणाल्या. "पहिल्या वेळी."

"बाई, मी..."

"मतदारांचे आभार मानायचेत. मी पण गाडीत बसते. फक्त तुझ्या आवाजात बोल."

त्याने माईक धरला. आधी खर्ज आला, मग नाक आलं, दोन्ही गिळले. शेवटी आईशी बोलायचा तसला बारका, खरखरीत आवाज निघाला, "नर्सबाईंनी सगळ्यांचे मनापासून आभार मानलेत."

पहिल्याच खिडकीत हशा. "आला रे आला! चिमणी कुठाय?"

"खरंच सांगतोय," भोंगा म्हणाला. "बाई गाडीतच आहेत."

हे तर लोकांना फारच आवडलं. टाळ्या पडल्या. सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "दुखलं काऽऽ?"

भोंग्याने माईक बंद केला. कान असे तापले होते की टेकवले तर माईक वितळावा. शेजारी बाई दुसरीकडे बघत होत्या, लहान पोरांना बघायला लावत तशा.

"परत फिरवू का, बाई?"

"नको. अजून चार गल्ल्या आहेत. घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या.

पुढचं 'हं' ओठांपर्यंत आलेलं त्याला दिसलं. बाईंनी ते गिळलं.