बारा मिलिमीटरचं भोक

निरुपमाबाई मोहिते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. तोवर घरच्यांच्या लेखी त्या गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत 'कंपनीत' होत्या, एवढंच. चौतीस वर्षं तिथे त्या नेमकं काय करत होत्या, हे कुणी खोदून विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील श्रीपतराव हायस्कुलात शिक्षक. आपली मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कारखान्यात जाणार म्हटल्यावर श्रीपतरावांनी आठवडाभर अबोला धरला होता. निरुपमानं तो आठवडा निमूट काढला आणि सोमवारी डबा घेऊन कामावर हजर झाली.

या मार्चमध्ये समा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली बसणारं पाण्याचं फिल्टर आलं. त्याचा वेगळा नळ सिंकच्या मागच्या काठावर बसवायचा, म्हणजे स्टीलला भोक हवं. बसवायला आलेल्या गुजराती माणसानं सिंकवर बोट वाजवलं आणि मान हलवली. "बेन, आमां काणुं नहीं पडे. नवी सिंक लई लो." भोक पडायचं नाही, नवीनच घ्या, म्हणून तो निघूनही गेला.

रविवारी त्यांच्या मुलानं, सोहमनं, शेजारच्या मोहनरावांकडून ड्रिल मशीन आणलं. पोरगा बँकेत अधिकारी, पण हौस दांडगी. मशीन पूर्ण वेगात सोडलं. कानठळ्या बसवणारी किंकाळी, जळका वास, थोडा धूर. पाच मिनिटांनी पाहिलं तर ड्रिलचं टोक निळं पडून बोथट झालेलं आणि सिंकवर नुसता चकचकीत खळगा.

"तो माणूस खरं सांगत होता," सोहम घाम पुसत म्हणाला. "नवीन सिंकच बघू या."

निरुपमाबाई भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, चष्मा सावरून खळग्यावरून अंगठा फिरवला. "काही नको. उद्या करते मी."

"तू?"

"मग कोण?"

सोमवारी सकाळी त्या स्कूटरवरून गोरव्याला गेल्या. जुने सहकारी भास्करराव आता स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवत होते. "निरुपमाबेन, तुम्ही? आवो आवो!" त्यांनी खुर्ची पुसली. बाईंनी चहा घेतला आणि कोबाल्टचं बारीक ड्रिल, पायऱ्यापायऱ्यांचं मोठं ड्रिल, खूण ठोकायचा पंच आणि कटिंग ऑइलची छोटी बाटली मागून आणली.

संध्याकाळी सोहम घरी आला तेव्हा आईनं बांगड्या काढून ठेवल्या होत्या, पदर कमरेला घट्ट खोचला होता, डोळ्यांवर कारखान्यातला संरक्षक चष्मा चढवला होता आणि सिंक कोरडं करून काठावर चिकटपट्टी लावली होती. सून मैत्रेयी ओट्याशी उभी होती.

"सोहम, खाली बस आणि ही फळी काठाला खालून दाबून धर. बोटं मधे आणू नकोस."

"अगं, पण तो खळगा?"

"तू स्टील तापवलंस, म्हणून ते तिथे कडक झालंय. त्याच्याशी कुस्ती कशाला खेळायची?" खळग्याच्या शेजारी तीन मिलिमीटरवर त्यांनी खूण केली. मोठं भोक पडलं की खळगा त्यातच जाणार होता. पंचवर हातोडीचा एकच ठोका. तेलाचा थेंब. मग मशीन सुरू झालं, पण अगदी सावकाश. बाईंनी अंगाचा भार त्यावर टाकला.

किंकाळी झाली नाही. एक जाडसर, समाधानी आवाज येत राहिला आणि ड्रिलच्या कडेनं स्टीलची चकचकीत वेटोळी बाहेर पडू लागली.

"वेग कमी, जोर जास्त," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि वेटोळं निघायचं थांबलं की आपणही थांबायचं. नुसतं घासत बसलात की स्टील पुन्हा कडक होतं."

"आई, हे तुम्ही तिथे रोज करायचात?" मैत्रेयीनं विचारलं.

"पहिली सहा वर्षं. नंतर मी शिकवायचे. बावीस माणसं होती माझ्या हाताखाली."

फळीखालून सोहमनं डोकं बाहेर काढलं. "बावीस? कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? फळी धर."

पायऱ्यांचं ड्रिल लावल्यावर दहा मिनिटांत भोक बारा मिलिमीटरचं झालं. खळग्याचा मागमूस राहिला नाही. बाईंनी गोल कानशीनं कड घासली, बोट फिरवून पाहिलं, नळ बसवला आणि नट आवळला. पाणी सोडलं. खाली हात लावला तर कोरडा.

मैत्रेयी अजून सिंककडेच बघत होती. "इथे साबणाची बाटली बसवायला एक भोक पाडता येईल?"

"येईल की." बाईंनी तो संरक्षक चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर चढवला आणि मशीन तिच्या हातात दिलं. "तूच पाड. आधी बांगड्या काढ."

मैत्रेयीचं भोक जरासं डावीकडे सरकलं. बाईंनी पट्टी लावून मोजलं.

"एक मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसाला चालतं. माझं दोन गेलं होतं."